ज्युदोतला निळा रंग कुणासाठी?

येत्या १९ सप्टेंबर २०२६ पासून जपानच्या आइची-नागोयात आशियाई स्पर्धा रंगतील, आणि त्याच सुमारास आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम भरात असेल. टीव्हीवर ज्युदोच्या मॅटवर एक खेळाडू पांढऱ्यात आणि दुसरा निळ्यात दिसला, की पेण-रोह्यातल्या ज्या घरात पोरगं नुकतंच ज्युदो शिकू लागलं आहे तिथे एक प्रश्न निघणारच: आपल्यालाही दोन-दोन ड्रेस घ्यावे लागणार का? हा प्रश्न खर्चाचा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायचं तर निळा रंग या खेळात आला कुणासाठी, हे आधी पाहायला हवं.

पिवळा, हिरवा, तपकिरी, काळा हे पट्ट्याचे रंग खेळाडूची पायरी सांगतात. अंगावरच्या पोशाखाचा, म्हणजे ज्युदोगीचा (थोडक्यात ‘गी’चा), रंग असलं काहीच सांगत नाही. ज्याचं नाव आधी पुकारलं तो पांढऱ्यात, दुसरा निळ्यात. पुढच्या फेरीत तोच खेळाडू उलट रंगात उतरू शकतो. म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्याच्या बॅगेत दोन्ही गी असावे लागतात.

कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान सुरू केलं. त्यांच्या शिष्यांचा गी न रंगवलेल्या सुती कापडाचा होता आणि पुढे शंभरहून अधिक वर्षं ज्युदो पांढऱ्यातच खेळला गेला. दोघांत फरक कळावा म्हणून एकाच्या कमरेला तांबडी आणि दुसऱ्याच्या कमरेला पांढरी पट्टी बांधत.

आता अडचण कुठे येते ते पाहा. दोघांनी एकमेकांची बाही आणि कॉलर घट्ट धरलेली असते. एक जण पाय घालून डाव टाकतो. दुसरा हवेतच अंग वळवून तो डाव त्याच्यावरच उलटवतो आणि दोघेही एकत्र आदळतात. कुणाची पाठ आधी आणि पूर्ण टेकली, यावर इप्पॉन, म्हणजे पूर्ण गुण, ठरतो, आणि इप्पॉन मिळाला की लढत तिथेच संपते. सगळा खेळ सेकंदाच्या आतला. तोवर गी पट्ट्यातून बाहेर आलेला असतो, कमरेची पट्टी कापडाखाली झाकलेली असते, आणि मनगटापर्यंत पांढऱ्याच बाह्या असलेले चार हात एकमेकांत अडकलेले असतात. पेणच्या कारखान्यात रंग न दिलेल्या गणेशमूर्ती ओळीने मांडलेल्या असतात, तिथे दोन पावलं मागे सरून पाहा. सोंड, हात, शेला, पीतांबर सगळं एकाच पांढऱ्यात मिसळून जातं. पीतांबराला पिवळा आणि शेल्याला तांबडा लागला, की प्रत्येक वळण सुटं दिसायला लागतं. ज्युदोत निळ्याने नेमकं हेच काम केलं.

हे काम घडवून आणणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याचं नाव अँटन खेसिंक, हॉलंडचा धिप्पाड ज्युदोपटू. १९६१ मध्ये पॅरिसला तो विश्वविजेता झाला तेव्हा हा मान मिळवणारा तो पहिला बिगरजपानी होता. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदा समावेश झाला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत निप्पॉन बुदोकानमध्ये खेसिंकने अकिओ कामिनागाला जमिनीवर दाबून धरलं आणि सारा जपान सुन्न झाला. लढत संपताच हॉलंडचे समर्थक आनंदाने मॅटकडे धावले. खेसिंकने हात वर करून त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. मॅटचा आणि हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचा मान त्याला स्वतःच्या जल्लोषापेक्षा मोठा वाटला. जपानी प्रेक्षकांनी ही गोष्ट कायम लक्षात ठेवली.

याच माणसाने १९८६ मध्ये एका खेळाडूला निळा गी देण्याचा प्रस्ताव मांडला. ज्युदोची रीत त्याच्याइतकी जपणारे थोडेच होते, त्यामुळे परंपरा न कळलेल्या परक्याची लुडबुड म्हणून तो प्रस्ताव झटकून टाकता येत नव्हता. टीव्हीवर पाहणाऱ्याला आणि पंचाला कोण कोण ते लगेच कळलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. युरोपने ते उचलून धरलं आणि जपानने कडाडून विरोध केला. जपानचे दोन मुद्दे होते. एक, पांढरा रंग हा या विद्येच्या साधेपणाचा आणि शुद्धतेचा भाग आहे. दुसरा, प्रत्येकाला दोन गी घ्यावे लागतील, तर गरीब देशांच्या खेळाडूंनी काय करायचं?

पहिला मुद्दा मला तितका पटत नाही. जपानच्याच केंदोमध्ये गडद निळीचा पोशाख पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याने त्या विद्येचं पावित्र्य कमी झालेलं नाही. दुसरा मुद्दा मात्र आजही तितकाच खरा आहे. १९९७ मध्ये पॅरिसच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने निळ्या गीला मान्यता दिली आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा दिसला.

त्याच सिडनीत सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम लढतीत फ्रान्सचा दाविद दुइए आणि जपानचा शिनिची शिनोहारा समोरासमोर आले. दुइएचा डाव शिनोहाराने उलटवला, पण गुण दुइएला मिळाला, आणि त्या निर्णयावरून जपानमध्ये वादळ उठलं. म्हणजे एक निळ्यात, एक पांढऱ्यात असूनही घोळ झालाच. कोण कोण हे रंगामुळे कळतं, पण डाव कुणाचा लागला हे ठरवायला पंचाचा तयार डोळा लागतो, आणि आता व्हिडिओचीही मदत लागते.

निळ्याने जिंकायला मदत होते का, यावर शास्त्रज्ञांनीही डोकं चालवलं आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधल्या लढती तपासून ज्युदोत निळ्याला झुकतं माप मिळतं, असा निष्कर्ष २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. २००८ मध्ये डच संशोधकांनी तो खोडून काढला. ड्रॉमधली नावांची मांडणी आणि दोन लढतींमधली विश्रांती हिशेबात घेतल्यावर निळ्याचा फायदा उरत नाही, असं त्यांनी दाखवलं. तेव्हा निळा गी घेतला तर मूल जास्त जिंकेल, असं कुणी सांगितलं तर त्यावर पैसे घालवू नका.

हा रंग कुणासाठी, याचं मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते मध्य प्रदेशच्या कपिल परमारचं. ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ६० किलो गटात त्याने कांस्य मिळवलं. पॅरालिम्पिक ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पदक. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत सुरू होण्याआधी दोघांना एकमेकांची पकड धरायला देतात. पुढचा सारा खेळ हाताला लागणाऱ्या ओढीवर आणि अंगाला जाणवणाऱ्या तोलावर चालतो. तिथेही एक गी पांढरा आणि एक निळाच असतो. ज्याला अजिबात दिसत नाही अशा खेळाडूला त्या रंगाचा काहीही उपयोग नसतो. तो आहे पाहणाऱ्यांसाठी: पंच, गुणफलक सांभाळणारे आणि प्रेक्षक यांच्यासाठी.

मग पाहणाऱ्याच्या सोयीचा खर्च खेळणाऱ्या पोराच्या आईबापांनी का उचलायचा?

सरावाचा साधा गी हजार-दोन हजारांत मिळतो, महासंघाचं मान्यताचिन्ह असलेला त्याच्या कितीतरी पट महाग. मूल वाढतं तसा तो दर दोन-एक वर्षांनी बदलावा लागतो. धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या किंवा पेणला सहा महिने मूर्तिकामावर जगणाऱ्या घरात हा दुसरा गी म्हणजे चैन नाही, ओझं आहे. त्यात निळा सांभाळायलाही जड. धाटावला रंगद्रव्यं तयार होतात, त्यामुळे रोहेकरांना हे सांगायला नको: ऑइलपेंट आणि प्लास्टिकमधलं निळं रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तर सुती कापडाला बऱ्याचदा धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग देतात. न जोडला गेलेला रंग पहिल्या काही धुण्यांत सुटतो. नवा निळा गी पांढऱ्यासोबत भिजवला, की पांढरा वाया.

खुद्द जपानमध्ये सहसा २९ एप्रिलला बुदोकानला होणारी अखिल जपान स्पर्धा आजही दोन्ही खेळाडूंना पांढरा गी आणि कमरेला तांबडी-पांढरी पट्टी अशाच थाटात होते. जिथे टीव्हीचे कॅमेरे नाहीत आणि पंच मॅटवर दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत, त्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांना हीच पद्धत पुरेशी आहे. शालेय स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती आहे, की निळा गी नाही म्हणून एकाही मुलाला मॅटबाहेर ठेवू नका. तांबड्या पट्ट्या स्पर्धेच्या जागीच ठेवा. निळा हवाच असेल, तर पेण आणि रोह्यातल्या शाळांनी मिळून चार-पाच मापांचे निळे गी सामायिक घ्यावेत आणि लढतीपुरते द्यावेत. पालकांनी पहिला गी पांढराच घ्यावा, आणि अंगापेक्षा थोडा मोठा, कारण सुती गी धुतल्यावर आटतो. निळ्याचा विचार राज्य पातळीवर निवड झाल्यावर करावा.