उभ्या गाडीचे तेल

इ. स. १८२० मध्ये तंजावरचे सरफोजी महाराज काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्यासमवेत सुमारे ३००० माणसांचा लवाजमा होता. यात्रा आटोपून ते परतले १८२२ मध्ये. त्या काळच्या लांब प्रवासात घरच जणू बरोबर न्यावे लागे. राहुट्या, शिधा, भांडीकुंडी आणि ओझी वाहणारी जनावरे यांवाचून गत्यंतर नसे. बैलगाडीने प्रवास असला की मुक्कामावर पोचताच गाडीवान दोन गोष्टी पाही : बैलांचे वैरणपाणी आणि चाकांच्या आसाचे वंगण. कोरडा आस कुरकुरू लागला की तो पुढच्या मुक्कामाची वाट पाहत नसे.

आज घर बरोबर नेण्याची हौस निराळ्या रीतीने पुरी करता येते. ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असते अशी मोटारगाडी, म्हणजे कॅरव्हॅन, आपल्या देशात अजून विरळाच दिसते. परंतु प्रवासी व्हॅन किंवा लहान बस घेऊन ती अशा रीतीने सजविणारे हौशी लोक आता सर्वत्र आहेत. तंजावरच्या पश्चिमेस असलेले करूर हे गाव तर बसगाड्यांची अंगे बांधण्याबद्दल दक्षिणेत प्रसिद्ध आहे. नवी कॅरव्हॅन महाग पडते, म्हणून पुष्कळांची दृष्टी जुन्या गाडीकडे वळते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेचा मोठा वाटा एखादे कुटुंब तीत घालते. पूर्वजांचा महाराष्ट्र एकदा सावकाश पाहावा, पंढरपूर-कोल्हापूर करावे, अशी इच्छा बाळगणाऱ्या तंजावरच्या मराठी कुटुंबाला असे फिरते घर मोहात पाडील यात नवल नाही.

या व्यवहारात विकणारा एक वाक्य हटकून सांगतो : “गाडी फारशी चाललेलीच नाही.” मीटरवरचा आकडा त्याची साक्ष देतो. गादी, पडदे, स्वयंपाकाचा ओटा, सारे नव्यासारखे असते. घेणाऱ्याला वाटते, आपल्याला नवी गाडी जुन्याच्या किमतीत मिळाली. ही समजूत पुष्कळदा महागात पडते. कॅरव्हॅन ही वर्षातून थोडे दिवस चालणारी आणि उरलेले दिवस उभी राहणारी गाडी आहे. उभी राहिल्याने इंजिनाला विश्रांती मिळते असे आपण समजतो, प्रत्यक्षात त्याचे आतून नुकसान होत असते. हे कसे घडते ते समजण्यासाठी इंजिनातील तेलाचे काम पाहिले पाहिजे.

इंजिन ऑइल केवळ वंगण नव्हे. फिरत्या भागांमधील घर्षण ते कमी करते, हे तर खरेच. त्याशिवाय जेथे पाणी पोचू शकत नाही तेथील उष्णता ते वाहून नेते. काजळी आणि धातूचे सूक्ष्म कण आपल्यात तरंगत ठेवून ते फिल्टरपर्यंत पोचविते, पिस्टनच्या रिंगांपाशी वायूला अटकाव करते आणि पोलादावर पातळ थर धरून त्याला गंजू देत नाही. ही सारी कामे नुसत्या खनिज तेलाने होत नाहीत. त्यासाठी त्यात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. काही मळ सोडवितात, काही आम्ल मारतात, तर काही धातूची झीज थांबवितात. तेल जुने होते याचा अर्थ त्यातील तेल संपते असा नसून ही रसायने खर्ची पडतात असा आहे.

आता पाण्याचा विचार करू. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक धुरावाटे निघून जाते, परंतु थोडी वाफ पिस्टनच्या फटींतून खाली तेलात उतरते. गाडी वीस-तीस किलोमीटर सलग धावली तर तेल पुरेसे तापते आणि ते पाणी उडून जाते. गाडी अंगणातच पाच-दहा मिनिटे चालू करून बंद केली, तर पाणी आत येते, बाहेर मात्र जात नाही. इंधनाच्या ज्वलनातून आलेली आम्ले त्या पाण्यात मिसळतात आणि बेअरिंगांचा धातू खाऊ लागतात. “आम्ही दर आठवड्याला गाडी चालू करून ठेवतो,” हे विकणाऱ्याचे अभिमानाचे वाक्य वस्तुतः इंजिनाच्या दुखण्याचे कारण असू शकते.

तंजावरसारख्या ठिकाणी या दुखण्याला हवेचीही साथ मिळते. कावेरीच्या मुखाजवळचा हा सखल, कालव्यांनी विणलेला प्रदेश. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस येथे जोरात पडतो. दिवसा गरम आणि रात्री थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोकळीत दमट हवेतील बाष्प थिजते. गाडी महिनोन्महिने उभी असली की सिलिंडरच्या भिंतींवरचे तेल निथळून खाली जाते आणि उघड्या पडलेल्या धातूवर गंजाची बारीक कणी धरते. न वापरलेली वस्तू जशीच्या तशी राहत नाही, हे सरस्वती महाल ग्रंथालयाच्या गावाला निराळे सांगावयास नको. ताडपत्राची पोथीही नुसती ठेवून दिली की ठिसूळ होते. म्हणूनच पोथ्या जपणारे लोक तिच्या पानांना अधूनमधून गवती चहाचे तेल लावतात.

याच कारणाने गाडीच्या पुस्तिकेत तेल बदलण्याची मुदत दोन प्रकारांनी दिलेली असते : इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी पुरे होईल ते. रोज धावणाऱ्या गाडीला पहिला आकडा लागू पडतो, कॅरव्हॅनला बहुधा दुसरा. तीन वर्षांत चार हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे तेल एकदाही बदलले नसेल, तर तो मालकाचा काटकसरीपणा नव्हे, हयगय आहे.

शिवाय मीटर आणखी एका रीतीने फसवितो. मुक्कामावर वातानुकूलन चालावे म्हणून काही गाड्यांत इंजिन तासन्‌तास चालू ठेवले जाते. चाके फिरत नाहीत म्हणून मीटर हलत नाही, तेल मात्र झिजत राहते. उभ्या गाडीत चाललेला इंजिनाचा एक तास साधारण चाळीस-पन्नास किलोमीटर धावेइतका धरण्याची पद्धत आहे. काही कॅरव्हॅनमध्ये विजेसाठी वेगळा जनरेटर असतो. त्यालाही स्वतःचे इंजिन व स्वतःचे तेल असते, आणि त्याची मुदत तासांवर मोजतात. गाडी पाहणारे पुष्कळ लोक या दुसऱ्या इंजिनाचे झाकण उघडतही नाहीत.

मग घेणाऱ्याने पाहावे काय? पहिली गोष्ट, गाडी पूर्ण थंड असताना आणि सपाट जागी उभी असताना पाहावी. आपण जाण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. तेलाची पट्टी बाहेर काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. डिझेल इंजिनाचे तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. काजळी आपल्यात घेणे हे त्याचे कामच आहे. उलट विक्रीच्या आदल्या दिवशी भरलेले मधासारखे स्वच्छ तेल पाहून भुलू नये. ते केव्हा बदलले, कोणते घातले आणि पावती कोठे आहे, एवढे विचारावे. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरले आहे, आणि हेड गॅसकेट गेल्याची शंका धरावी. भरणीच्या झाकणाखाली पिवळट लोण्यासारखा थर असेल तर गाडी छोट्या छोट्या फेऱ्यांतच वापरली गेली असे समजावे. तेलाची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन तेलात उतरत आहे. चिमटीत चोळताना कण लागले तर ते चांगले चिन्ह नाही.

त्यानंतर इंजिन चालू करून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. दाट पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल तर पाण्याची गळती संभवते. काळा धूर इंधनाच्या बिघाडाचा. ज्या गाडीसाठी मोठी रक्कम मोजावयाची आहे, तिच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणेही शहाणपणाचे. तेलात तांबे अधिक आढळले तर बेअरिंगांविषयी, सिलिकॉन अधिक आढळले तर हवेच्या फिल्टरमधून शिरलेल्या धुळीविषयी संशय घेता येतो. मात्र तेल नुकतेच बदललेले असेल तर हा पुरावा पुसलेला असतो.

गाडी चालवून पाहताना एक स्थानिक अडचण ध्यानात ठेवावी. तंजावरहून कुंभकोणम सुमारे चाळीस किलोमीटर. तेवढ्या धावेत तेल चांगले तापते, परंतु रस्ता सपाट आहे. सपाट रस्त्यावर दुबळे इंजिनही मर्दुमकी दाखविते. फर्निचर, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या यांचे ओझे घेऊन चढ चढताना खरी परीक्षा होते. ती शक्य नसेल तर पाण्याची टाकी भरून, माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून गाडी चालवावी आणि थांबल्यावर तेलाचा दिवा व तापमानाचा काटा पाहावा.

कागदपत्रांकडेही तेवढ्याच कटाक्षाने पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील वर्णनाशी विसंगत होईल असा फेरबदल परवानगीवाचून करता येत नाही. नोंदणीपत्रात प्रवासी व्हॅन आणि आत स्वयंपाकघर, असा प्रकार असेल तर पुढे विम्याच्या वेळी मालकाची पंचाईत होते. गाडी परराज्यातील असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत पत्र आधी मागावे.

गाडी घेतल्यावर, विकणाऱ्याने काहीही सांगितले असले तरी, तेल व फिल्टर दोन्ही बदलून आपला हिशेब नव्याने सुरू करावा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे तेल, कूलंट व ब्रेक ऑइल यांचीही वयावरून पाहणी करावी. तेल पुस्तिकेत लिहिलेलेच घ्यावे. डब्यावर “१५डब्ल्यू-४०” असे लिहिलेले असते. त्यात पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवितो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनुसार बनलेल्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. त्यांना कमी राख सोडणारे तेलच चालते; जुन्या गाडीचे तेल त्यात ओतले तर तो फिल्टर तुंबतो. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्तही भरू नये. क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

काढलेल्या तेलाचे काय, हाही प्रश्न आहेच. एका वेळी सहा ते दहा लिटर काळे तेल निघते. ते वडवार नदीच्या काठी किंवा शेताच्या पाटात ओतले, तर ज्या पाण्यावर या भागातील भात पिकतो त्याच पाण्यात ते जाते. वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते बंद डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजलाच द्यावे.

शेवटी, सर्व तपासण्यांहून मोलाची वस्तू म्हणजे एक साधी वही. तंजावरच्या मराठी दरबाराचा कारभार आज कळतो तो मोडीत लिहून ठेवलेल्या कागदांमुळे. ज्या मालकाने तारीख, मीटरचा आकडा, तेलाचा प्रकार आणि पावती यांची नोंद ठेवली आहे, त्याची गाडी चार रुपये जास्त देऊनही घ्यावी. ज्याच्यापाशी केवळ चकचकीत ओटा आणि लहान आकड्याचा मीटर आहे, त्याच्याशी सौदा करताना नव्या तेलाचा आणि कदाचित नव्या इंजिनाचाही खर्च मनात धरावा. आणि गाडी आपली झाली की पहिल्याच दिवशी ती वही स्वतः सुरू करावी.