वीस सेकंदांची झोप

सकाळी ८:१०
नाशिक, अंबड एमआयडीसी. हवामान केंद्रं दुरुस्त करणारी तंत्रज्ञ पिशवी भरते. लॅपटॉप, एसटी-लिंक प्रोग्रामर, यूएसबी-सिरियल केबल, मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, सिलिकॉनची ट्यूब. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पगार २१ हजार. पेट्रोल कंपनीचं, जेवण आपलं. ॲक्टिव्हात २५० रुपयांचं पेट्रोल टाकून ती आणि मी निघतो.

९:४०
पिंपळगाव बसवंतच्या पुढची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झालाय, पानांवर अजून दव आहे. खांबावर हवामान केंद्राची पांढरी पेटी. तापमान, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं, हे दर १५ मिनिटांनी मोजायचं आणि मोबाइल नेटवर्कवरून पाठवायचं, एवढं तिचं काम. ओल्या तासांवरून डाऊनी रोगावरची फवारणी ठरते.

“ताई, रात्रभर दव होतं आणि तुमची पेटी म्हणते दोन तास ओलं. फवारू का नको?” बागेचे मालक काका विचारतात.

“काका, आधी पेटी बघते. मग सांगते.”

१०:१५
चार स्क्रू, झाकण बाजूला. याआधी दोनदा बॅटरी बदलली गेलीय, प्रत्येकी ११०० रुपये. मोडेम सिग्नल पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो. व्होल्टेज पडून पेटी बंद-चालू होत असेल, असा तेव्हाचा अंदाज. ती केबल जोडते, नोंदी वाचते. एसटीएम३२ एफ१०३ चिप रीसेटचं कारण एका रजिस्टरमध्ये ठेवते. व्होल्टेज पडलं असतं तर पॉवर रीसेटची खूण दिसली असती. इथे सगळीकडे खूण वॉचडॉगची. कालपासून आठ वेळा.

११:००
ती बांधावर बसून मला समजावते. वॉचडॉग म्हणजे चिपमधलाच उलटा मोजणारा काउंटर. ४०९५ पासून शून्याकडे. कोडने वेळेत किक दिली की मोजणी पुन्हा वरून. मोडेमपाशी कोड अडकला, किक चुकली, की शून्यावर रीसेट. हे नसतं तर प्रत्येक अडकलेल्या पेटीचं बटण दाबायला माणूस पाठवावा लागला असता.

पण बॅटरी वाचवायला चिपला झोपवावं लागतं. पावसाळ्यात छोट्या सोलर पॅनेलला दिवसचे दिवस ऊन मिळत नाही. आणि या चिपचा वॉचडॉग एकदा सुरू झाला की रीसेटशिवाय थांबत नाही. चिप झोपली तरी तो मोजतोच. त्याची कमाल मुदत २६.२ सेकंद. म्हणून कोड दर २० सेकंदांनी घड्याळाच्या अलार्मने जागा होतो, किक देतो, परत झोपतो.

११:४०
“२० म्हणजे २६ च्या आतच की,” मी म्हणतो. ती मोबाइलवर स्टॉपवॉच काढते. चाचणीच्या आदेशाने किक बंद. शेवटच्या किकला लाल दिवा, रीसेट झाला की हिरवा. तीन वेळा मोजते. तिन्ही वेळा २० च्या जेमतेम पुढे.

वॉचडॉगचा ठोका चिपमधल्या साध्या आरसी घड्याळावर चालतो. कागदावर ४० किलोहर्ट्झ, पण उत्पादक ३० ते ६० पर्यंत सूट देतो. ६० ला तीच मुदत साडेसतरा सेकंदांवर येते. त्यात तापमान बदललं की ठोकाही सरकतो. या पेटीला कधी २० सेकंद पुरतात, कधी नाही.

१:००
डबा. मेथीची भाजी, दोन पोळ्या. जेवता जेवता ऑफिसात फोन. “टेबलावरचा बोर्ड २६ ला रीसेट होतो, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. किक १२ वर आणा. आणि ओले तास रॅममध्ये नकोत. रीसेटनंतर सुरू होताना कोड रॅम पुसतो. बॅकअप रजिस्टरमध्ये टाका, ते टिकतं.”

२:३०
नवा कोड मेलवर आला. एसटी-लिंकच्या चार तारा पिनांवर, एक बोटाने दाबून धरलेली. कोड चढतो. मग मल्टिमीटर मालिकेत. झोपेत बोर्ड ४० मायक्रोअँपिअर घेतो. दर १२ सेकंदांनी आकडा क्षणभर उडतो आणि खाली बसतो. १५ मिनिटांत आधी ४५ वेळा जाग, आता ७५. बॅटरीला ते जाणवणारही नाही.

३:४५
ती मुद्दाम रीसेट घडवते. ओल्या तासांचा आकडा जिथल्या तिथे. झाकणाच्या कडेला सिलिकॉन, चार स्क्रू. काकांना सांगते, “कालचा आकडा धरू नका, तुमच्या डोळ्यांनी दव बघितलंय तेच खरं. आज रात्रीपासून पेटीचं ऐका.” काका फवारणीचा ब्लोअर जोडायला जातात.

६:१५
अंबड. खर्चाच्या वहीत पेट्रोल २५०, चहा २०. चहाचे मिळणार नाहीत, तरी लिहिते. सुटा भाग एकही नाही. पाठवणीच्या तपासयादीत तिने एक ओळ वाढवली: प्रत्येक पेटीची वॉचडॉग मुदत स्टॉपवॉचने मोजणे. पेटीमागे दोन मिनिटं. उद्या निफाडच्या तीन पेट्या आहेत.