पाहुण्यांची पंगत आणि गावाचे हित : आदिलाबाद परिसरातील जबाबदार पर्यटन

पर्यटन म्हणजे केवळ धबधबे, किल्ले व देवळे पाहणे, ही समजूत आता मागे पडत आहे. एखाद्या प्रदेशातील माणसे काय पिकवितात, काय रांधतात आणि कोणते सण कसे पाळतात, हे जाणून घेण्यासाठीही लोक प्रवास करू लागले आहेत. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावरील आग्रोस हे डोंगराळ गाव याचे एक उदाहरण होय. भूमध्य प्रदेशाच्या आहारपरंपरेला युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली आहे. त्या यादीत २०१३ साली सायप्रसतर्फे या गावाचा समावेश झाला. सिसिली व सार्डिनिया ही बेटे ज्या देशात मोडतात, त्या इटलीने १९८५ सालीच शेतघरातील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला. शेती हा मुख्य व्यवसाय आणि पाहुणचार हा जोडधंदा, हे त्याचे मूळ तत्त्व होय.

हे तत्त्व आपणांस परके नाही. पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आदिलाबाद परिसरात मराठी, गोंडी, कोलामी व तेलुगू या भाषा शेजारी शेजारी नांदतात. किनवट व राजुरा हे भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी याच जिल्ह्यात होते. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी लोकांचे सोयरसंबंध व सण सीमा ओलांडून चालूच आहेत.

पाहुणचाराची जुनी रीत

दिवाळीच्या सुमारास गोंड गावांतून दंडारी निघते. एका गावचे नर्तक व वादक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, आणि ते गाव त्यांना जेवू घालते. मोरपिसांचा मुकुट धारण करणारे गुसाडी या काळात व्रतस्थ असतात. या नृत्यासाठी मारलवाई येथील कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. दंडारी हा ठरलेल्या काळी व ठरलेल्या नियमांनी होणारा विधी आहे. पर्यटकांच्या सोयीसाठी तो कोणत्याही महिन्यात, कोठेही करावयास लावणे म्हणजे त्याचा प्राण काढून घेणे होय.

इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील मंडळी पायी जाऊन गोदावरीचे जल आणतात. विधीसाठी लागणारी मातीची भांडी सिरिकोंडा येथील कुंभार घडवितो. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवतेशी ‘भेटिंग’ होते. जत्रेस सर्वांना मुक्तद्वार आहे. परंतु कुळाचे विधी हे कुळाचेच आहेत. कोठवर यावे व कशाचे छायाचित्र घ्यावे, हे यजमानांनी सांगावे आणि पाहुण्याने ते पाळावे.

ताटात काय वाढावे?

या भागाचे खरे अन्न म्हणजे ज्वारीची भाकरी, ज्वारीचा गटका, आंबील, डाळी व रानभाज्या. नवे धान्य देवाला अर्पण केल्याशिवाय खावयाचे नाही, अशी येथील रीत आहे. पाहुण्यांसाठी शहरातून तांदूळ, मैदा व बाटलीबंद पेये आणल्यास पैसा आल्या वाटेने परत जातो आणि कचरा तेवढा गावात उरतो.

मोहाचे उदाहरण बोलके आहे. चैत्राच्या आगेमागे पहाटे वेचलेली फुले तशीच व्यापाऱ्यास विकली, तर त्यांवर प्रक्रिया करून मिळणारा नफा दुसऱ्याच्या पदरात पडतो. उटनूर येथे आदिवासी महिलांच्या सहकारी संस्थेने वाळविलेल्या फुलांचे लाडू करून हे चित्र पालटले आहे. पर्यटकाने दारूची मागणी करण्याऐवजी असे पदार्थ विकत घेतले, तर घरच्या स्त्रीच्या हाती रोख रक्कम येते. फुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावल्यास रोपे जळतात व वणवा पसरतो. म्हणून जमीन झाडून स्वच्छ करावी किंवा कापड अंथरावे.

हस्तकलेचेही असेच आहे. शेजारच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील उशेगाव येथे ओतारी कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाची नक्षी चढवितात, वर मातीचा लेप देतात, तापवून मेण काढून टाकतात व त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. प्रत्येक साचा फोडावा लागत असल्याने एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. या आदिलाबाद डोकरा कलेस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची किंमत कारागिराच्या दारातच, घासाघीस न करता द्यावी.

कोणी काय करावे?

१. ग्रामस्थांनी पाहुणे येण्यापूर्वीच ग्रामसभेत दर, पाहुण्यांची संख्या व बंद ठेवावयाच्या जागा ठरवाव्यात. स्वयंपाकाचे काम महिला बचतगटांकडे आळीपाळीने द्यावे व जमाखर्च सर्वांसमोर वाचावा.

२. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावातील पदार्थ, रानभाज्या व सणांची नोंदवही तयार करून घ्यावी. पाहुण्यांस माहिती देणारे वाटाडे पुढे यांतूनच घडतील.

३. अधिकाऱ्यांनी पिण्याचे पाणी, शौचालये, कचरा व रस्ते यांची व्यवस्था आधी करावी, जाहिरात नंतर. नेरडीगोंडा मंडलातील कुंतला धबधब्यासारख्या ठिकाणी निसरड्या खडकांविषयी ठळक सूचनाफलक लावावेत.

४. पाहुण्यांनी आगाऊ कळवून यावे, ताटात अन्न टाकू नये आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा.

पर्यटनाचे यश गाड्यांच्या संख्येवर मोजणे सोपे आहे. पण ते खरे माप नव्हे. पाहुणे निघून गेल्यावर गावातील स्त्रियांच्या हाती किती पैसा राहिला, विहिरीचे पाणी पुरले की नाही, आणि पुढील वर्षीचा सण गावाने आपल्या मनाप्रमाणे साजरा केला की पाहुण्यांच्या, हे प्रश्न ग्रामसभेने दरवर्षी विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तरच पुढील पंगत मांडावी.