क्लिचकोने अंतर राखले

मार्च २००३ मध्ये कॉरी सँडर्सने दुसऱ्या आणि एप्रिल २००४ मध्ये लेमन ब्रूस्टरने पाचव्या फेरीत हरवल्यावर युक्रेनचा हेवीवेट मुष्टियोद्धा व्लादिमीर क्लिचको संपला, असाच अनेकांचा होरा होता. हनुवटी कच्ची, दमही अपुरा! प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्यावर अंतर राखण्याचा उपाय योजला. साडेसहा फुटी क्लिचकोने डाव्या हाताच्या सरळ ठोशाने प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवायचे. तो आत शिरलाच तर मिठी मारून जखडायचे. कंटाळवाणे खरे, पण परिणामकारक. सप्टेंबर २००५ मध्ये सॅम्युएल पीटरने तीनदा खाली पाडूनही क्लिचको गुणांवर जिंकला. एप्रिल २००६ मध्ये मिळवलेले आयबीएफचे जागतिक विजेतेपद त्याने नोव्हेंबर २०१५ पर्यंत राखले. ते हिरावून घेतले टायसन फ्युरीने. त्याचे हात क्लिचकोपेक्षाही लांब होते.