‘फ्री चर्च’ कशापासून मुक्त झाले?

पुणे शहरातील सी.एन.आय. चर्चचे बंधुभगिनी हे आपले जुने शेजारी. त्यांच्यातील काहींचे पूर्वज ‘फ्री चर्च’चे होते, हे आपण ऐकलेले असते, परंतु हे चर्च कशापासून मुक्त झाले, याची कल्पना आपल्यापैकी थोड्यांनाच असेल.

वाद श्रद्धेच्या सिद्धान्तांचा नव्हता. स्कॉटलंडमध्ये १७१२ च्या कायद्याने धर्मग्रामासाठी पाळक सुचविण्याचा हक्क प्रामुख्याने जमीनदारांच्या हाती गेला होता. १८३४ साली चर्चच्या महासभेने कुटुंबप्रमुखांना नकाराधिकार दिला. ऑख्टरार्डर येथे ३३० पैकी २८७ कुटुंबप्रमुखांनी उमेदवार नाकारला, तरी न्यायालयांनी जमीनदाराचाच हक्क उचलून धरला. अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत फूट पडली. सुमारे १,२०० पाळकांपैकी ४५० हून अधिकांनी चर्च, राहते घर व वेतन यांवर पाणी सोडले. थॉमस चामर्स नव्या चर्चच्या महासभेचे पहिले अध्यक्ष झाले.

पाद्रोआदोचा इतिहास जाणणाऱ्या आपल्या वाचकांना हा पेच परका वाटणार नाही. धर्माधिकारी राजसत्तेने नेमावा की चर्चने, या वादापायी मुंबईतील कॅथलिकांवर १७९४ ते १९२८ दुहेरी अधिकारक्षेत्र होते.

भारतातील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सर्वच मिशनरींनी फ्री चर्चची बाजू घेतली. पुण्यात जेम्स मिचेल, मुंबईत जॉन विल्सन. विल्सन यांच्या विद्यालयाची नवी इमारत मूळ चर्चकडे राहिली आणि त्यांना दुसऱ्या जागेत वर्ग भरवावे लागले. त्याच कार्यातून पुढे विल्सन कॉलेज आकारास आले. स्कॉटलंडच्या जमीनदारीशी मराठी ख्रिस्ती जनांचा काडीचाही संबंध नव्हता. तरी त्या भांडणाचे नाव त्यांच्या मंडळीला चिकटले, याचे आम्हांस वाईट वाटते. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांनी पुढे पुण्यातील याच मंडळीचे पाळकपद सांभाळले.

जमीनदारांचा तो हक्क १८७४ मध्ये रद्द झाला. तरीही फ्री चर्चचा मोठा भाग मूळ चर्चमध्ये परतण्यास १९२९ साल उजाडले. भारतात मात्र १९२४ मध्येच प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि त्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या सी.एन.आय.मध्ये सामील झाल्या. प्रेस्बिटेरियन परंपरेत बिशप नसतात. पाळक व वडीलजन यांच्या सभा कारभार पाहतात. त्या परंपरेचे पुण्यातील वारस आज बिशपांच्या धर्मप्रांतात नांदत आहेत.