घरी बॅटरी चार्ज करताना घ्यावयाची दक्षता

कोकण किनाऱ्यावरील खेड्यांत बॅटरी ही वस्तू आता नवलाईची राहिलेली नाही. रायगड जिल्ह्यात उरण-करंजापासून रेवस, थळ, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर व श्रीवर्धनपर्यंत कोठेही गेले, तरी मासेमारी नौकेवर, ट्रॅक्टरवर, टेम्पोवर, पॉवर टिलरवर किंवा घरातील इन्व्हर्टरखाली शिशाच्या पत्र्यांची व गंधकाम्लाची बॅटरी आढळते. तिची बनावट जुनीच आहे. फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये अशा प्रकारचा पहिला घट सिद्ध केला. त्यानंतर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, तथापि तिच्या पोटातील क्रिया मूलतः तीच राहिली आहे.

या किनाऱ्यावर बॅटरी घरी चार्ज करण्याचे प्रसंग दोन प्रकारचे असतात. पहिला दरवर्षीचा. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या बॅटऱ्या घरी आणल्या जातात. दुसरा प्रसंग आपत्तीचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. पुढील वर्षी १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. अशा वेळी बॅटरी हाच घराचा आधार ठरतो, व तुटपुंजी वीज मिळताच ती घाईघाईने चार्जरला जोडली जाते. अपघात बहुधा अशा घाईतच होतात. म्हणून चार्ज करण्याची योग्य पद्धत व तिच्यामागील कारणे शेतकरी व मच्छीमार बंधूंनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरीत काय घडते

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घर असतात व प्रत्येक घर सुमारे दोन व्होल्टचे असते. घरांतील पत्रे शिशाचे असून ते सौम्य गंधकाम्लात बुडालेले असतात. बॅटरी वापरली की आम्लातील गंधकाचा अंश पत्र्यांशी संयोग पावतो व आम्ल पातळ होते. चार्जरमधून उलट दिशेने प्रवाह सोडला की तोच अंश पत्र्यांतून सुटून पुन्हा आम्लात येतो व आम्ल घट्ट होते. बॅटरी उतरलेल्या स्थितीत फार दिवस पडून राहिली, तर पत्र्यांवरील थर कठीण होतो व नंतर कितीही चार्ज केले तरी तो सुटत नाही. यामुळेच नौकेची बॅटरी पावसाळ्यात कोपऱ्यात टाकून ठेवू नये. ती पूर्ण चार्ज करून ठेवावी व महिन्यातून एकदा तपासून पुन्हा चार्ज करावी.

चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात आणखी एक क्रिया सुरू होते. पत्रे भरत आले की जादा प्रवाह पाण्याचे विघटन करू लागतो, आणि हायड्रोजन व प्राणवायू यांचे बुडबुडे उठू लागतात. बॅटरीवरील दाब १४.४ व्होल्टच्या आसपास गेला की हे बुडबुडे स्पष्ट दिसतात. सर्वांत मोठा धोका येथेच आहे.

न दिसणारा वायू

हायड्रोजनला रंग नाही व वासही नाही. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की एखाद्या ठिणगीनेही तो पेट घेतो. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून ६ अँपिअर प्रवाह चालूच ठेवल्यास ताशी सुमारे १५ लिटर हायड्रोजन निघतो. मोठ्या व मोकळ्या खोलीत तो विरळ होऊन जातो. परंतु २०० लिटर मापाच्या बंद पेटीत अथवा कपाटात शेकडा ४ म्हणजे केवळ ८ लिटर होतात, व तेवढा वायू जमण्यास सुमारे अर्धा तास पुरे होतो. याशिवाय बॅटरीच्या आत व झाकणांच्या लगत वायूचे प्रमाण नेहमीच अधिक असते. तेथे ठिणगी पडली, तर बॅटरीची पेटी फुटते व आम्ल सभोवार उडते. त्या वेळी बॅटरीवर वाकून पाहणाऱ्याचे डोळे जाण्याचा संभव असतो.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. बॅटरी खुल्या हवेच्या जागी चार्ज करावी, ठिणगी होऊ देऊ नये, व गरजेपेक्षा अधिक काळ चार्जिंग चालू ठेवू नये.

जागेची निवड

बॅटरी चार्ज करण्यास घराची पडवी किंवा चारी बाजूंनी वारा खेळणारी छपरी सर्वांत योग्य होय. मात्र पावसाची झड तेथपर्यंत पोचता कामा नये. माजघर, निजण्याची खोली, स्वयंपाकघर व देवघर या जागा सर्वस्वी वर्ज्य मानाव्यात. चूल, गॅसची शेगडी, समई, उदबत्ती आणि विडी यांपैकी प्रत्येक वस्तू हायड्रोजन पेटविण्यास पुरेशी आहे. नौकेच्या बंद इंजिनखणात चार्जर लावणेही तितकेच धोक्याचे आहे.

बॅटरी कोरड्या, सपाट फळीवर ठेवावी. चार्जर तिच्यापासून तार पुरेल तितक्या अंतरावर ठेवावा. तो बॅटरीवर किंवा थेट तिच्या वर असलेल्या फळीवर कधीही ठेवू नये, कारण वर येणारा वायू व आम्लाची वाफ चार्जरमध्ये शिरते. लहान मुले व गुरे तेथे फिरकणार नाहीत अशी व्यवस्था करावी.

विजेच्या बाजूची काळजी

बॅटरीचे बारा व्होल्ट कोरड्या हाताला धक्का देत नाहीत. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते की, या कामात विजेचे भय नाही. ही समजूत घातक आहे. चार्जरची एक बाजू बारा व्होल्टची असली, तरी दुसरी घरातील २३० व्होल्टची असते. खाऱ्या व दमट हवेत चार्जरच्या पेटीत गंज व ओल साचते, तारेवरील आवरण तडकते आणि लोखंडी पेटीत वीज उतरू शकते. म्हणून चार्जर तीन पिनांच्या प्लगनेच जोडावा, अर्थिंगची तार तोडू नये व उघडी तार सॉकेटमध्ये खुपसून काम भागवू नये. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण घराच्या फलकावर तज्ज्ञ वायरमनकडून बसवून घ्यावे. ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून चार्जर हाताळू नये.

वीज वारंवार ये-जा करीत असेल, तर वीज जाताच चार्जरचा खटका बंद करावा. अन्यथा मध्यरात्री वीज परत येते व कोणाचे लक्ष नसताना चार्जिंग सुरू होते. चार्जर जनित्रावर चालवीत असल्यास जनित्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू बंद घरात प्राणघातक ठरतो.

जोडणीचा क्रम

बॅटरी वाहनातून अथवा नौकेतून काढताना प्रथम इंजिन व सर्व दिवे बंद करावेत. वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली तार, जी बहुधा ऋण बाजूची असते, ती आधी सोडवावी व धन बाजूची नंतर. उलट क्रमाने काम केल्यास धन बाजूवरील पाना सांगाड्याला टेकून मोठी ठिणगी पडते. हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र लोंबत असल्यास ते आत घ्यावे. दोन्ही टोकांमध्ये धातू आडवा आला, तर क्षणात तो लाल होऊन चामडी भाजते.

बॅटरीची पेटी फुटलेली, फुगलेली किंवा झिरपणारी असल्यास ती चार्ज करू नये. टोकांवर साठलेला पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढावा. ते पाणी घरांत जाऊ देऊ नये, कारण सोड्याने आतील आम्ल निकामी होते.

त्यानंतर पुढील क्रम पाळावा.

१. चार्जरचा मुख्य खटका बंद आहे याची खात्री करावी.

२. चार्जर बॅटरीच्या व्होल्टचा व प्रकाराचा आहे हे पाहावे. लिथियम बॅटरीला साधा चार्जर लावू नये.

३. लाल चिमटा धन टोकाला व काळा चिमटा ऋण टोकाला घट्ट बसवावा.

४. चिमटे बसल्यावरच मुख्य खटका चालू करावा.

५. काम संपल्यावर प्रथम मुख्य खटका बंद करावा, थोडा वेळ थांबून वायू जाऊ द्यावा, मग काळा चिमटा व शेवटी लाल चिमटा काढावा.

या क्रमाचे कारण सोपे आहे. खटका चालू असताना चिमटा लावला किंवा ओढला, की नेमकी वायूच्या जागीच ठिणगी पडते. बॅटरी वाहनातच ठेवून चार्ज करावयाची असल्यास वाहनाच्या पुस्तिकेतील सूचना पाळाव्यात. अशा वेळी काळा चिमटा सहसा बॅटरीपासून दूर, सांगाड्याच्या उघड्या धातूला लावतात.

पाणी कोणते व केव्हा

घरांची झाकणे उघडता येत असल्यास चार्ज करण्यापूर्वी पत्रे बुडालेले आहेत की नाही ते पाहावे. पत्रे उघडे पडले असल्यास ते जेमतेम झाकतील एवढेच डिस्टिल्ड पाणी घालावे, आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंग झाल्यावर घालावी. आधीच काठोकाठ भरल्यास चार्जिंगमध्ये आम्ल उतू जाते. घरी आम्ल घालू नये, कारण बॅटरीतून कमी होते ते पाणी, आम्ल नव्हे. झाकणे बसविलेली ठेवावीत व त्यांची छिद्रे मोकळी असावीत. ज्या बॅटरीची झाकणे मोहोरबंद असतात ती उघडण्याचा यत्न करू नये.

विहिरीचे पाणी घालणे किनाऱ्यावर विशेष हानिकारक आहे. समुद्रालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते व त्यातील मिठाने पत्रे कुजतात. समुद्राचे पाणी तर बॅटरीच्या घरात जाताच क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. भरतीच्या पाण्यात बुडालेली बॅटरी यासाठी घरी चार्ज न करता जाणत्या कारागिराकडे द्यावी.

प्रवाह व वेळ

साधा नियम असा की, बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह द्यावा. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ६ अँपिअर पुरेत. ती निम्मी उतरली असल्यास ३० अँपिअर-तास भरावे लागतात. वाटेत जाणारा सुमारे पाचवा हिस्सा धरून ते ३६ होतात, म्हणजे ६ तास लागतात. लवकर काम व्हावे म्हणून दुप्पट-तिप्पट प्रवाह दिल्यास पत्रे वाकतात व वायू अधिक निघतो.

बॅटरी किती भरली हे स्थिर स्थितीतील व्होल्टवरून कळते. चार्जिंग थांबवून काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या पुढे असेल तर ती भरलेली समजावी. १२.२ च्या सुमारास ती निम्मी असते व १२ च्या खाली जवळजवळ रिकामी असते. घनतामापकाने आम्लाची घनता तासातासाने पाहिल्यास लागोपाठ तीन वेळा ती वाढली नाही, की चार्जिंग पूर्ण झाले असे मानण्यात येते. जुन्या पद्धतीचे चार्जर आपोआप थांबत नाहीत. म्हणून ते रात्रभर लावून झोपू नये. पेटी हाताला चटका बसण्याइतकी तापली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तत्काळ मुख्य खटका बंद करून दूर व्हावे.

अपघात झाल्यास

काम सुरू करण्यापूर्वीच पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवावी. डोळ्यांना चष्मा व हातांना रबरी मोजे असावेत. आम्ल अंगावर उडाल्यास भिजलेले कपडे काढून ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवावी. डोळ्यांत गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ स्वच्छ पाणी सोडावे आणि विलंब न लावता रुग्णालयात न्यावे. डोळ्यांत सोडा, दूध अथवा झाडपाल्याचा रस घालू नये, व भाजलेल्या जागी हळद किंवा चुना लावू नये. विजेचा धक्का बसून कोणी तारेला चिकटला असल्यास त्यास हाताने ओढू नये. प्रथम मुख्य खटका बंद करावा. तसे करणे शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

जुन्या बॅटरीचे काय करावे

निकामी बॅटरी फोडून तिच्यातील शिसे चुलीवर वितळवून जाळ्यांची वजने करण्याचा मोह कोणासही होऊ नये. शिशाची धूळ व वाफ अंगणात बसते, अन्नात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची बाधा आणते. आम्ल खाजणात, खाडीत किंवा विहिरीजवळ ओतल्यास जमीन व पाणी दोन्ही नासतात. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. त्यासंबंधी २००१ पासून नियम असून २०२२ मध्ये ते नव्याने करण्यात आले आहेत. तिची किंमतही नव्या बॅटरीत वळती होते.

ग्रामपंचायतीच्या व कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी गावात एकदा प्रात्यक्षिक घडवून आणावे. चिमटे लावण्याचा व काढण्याचा क्रम स्त्रियांना व शाळकरी मुलांनाही दाखवावा, कारण पुरुष कामावर असताना खटका बंद करण्याची वेळ त्यांच्यावरच येते. मोकळी हवा, कोरडी जागा आणि आधी मुख्य खटका बंद, एवढ्या तीन गोष्टी घरातील प्रत्येकास अवगत असल्या, तर वादळानंतरच्या अंधारातही बॅटरी घराला उजेडच देईल.