एक खाचर प्रयोगाचं

अकोले तालुक्यात आवणीचे दिवस आहेत. कळसूबाईचा माथा ढगात बुडालेला आहे, पाऊस थांबून थांबून येतो आहे, आणि कोंभाळण्याच्या परिसरातल्या एका बांधावर उभी राहून मी एक दोरी पाहते आहे. दोरीला चिंध्या बांधल्या आहेत. दोन चिंध्यांत 15 सेंटिमीटर अंतर, पुढच्या दोहोंत 25, मग पुन्हा 15. दोन टोकांना दोन मुलं ती ताणून धरतात, बायका ओळीनं वाकतात आणि प्रत्येक चिंधीपाशी भाताच्या दोन-तीन काड्या रोवतात.

"सरकव पुढं," ज्यांचं हे खाचर त्या मावशी हाक देतात. दोरी सरकते.

शेजारच्या खाचरात हाताला येईल तशी आवणी चालू आहे. तिथं रोपांच्या मुठी भराभर संपताहेत. इथं काम रेंगाळतं आहे. मावशींची सून कंबर सरळ करत म्हणते, "आत्याबाई, अशानं दिवस मावळंल."

"एवढं एकच खाचर गं. बाकी सगळं तुझ्या हातानं लाव."

ही चारसूत्री लागवड. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत मिसळायची, म्हणजे रोपाला सिलिका मिळते आणि काडी ताठ होते. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा. दोरीवर अंतर राखून लावणी करायची. आणि जवळजवळच्या चार रोपांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी बोटांनी खोल खोचायची, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही.

खाचराच्या मध्यावर मावशींनी एक काठी रोवली आहे. काठीच्या अलीकडे त्या स्वतः गोळ्या खोचत येतात आणि काठीपाशी थांबतात. पलीकडे नुसता पाला.

"तिकडं का नाही?" मी विचारते.

"दोन्हीकडं टाकली तर कळंल कसं, भात गोळीनं पिकला का पाल्यानं?"

शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत करतात तीच तुलना इथं चिखलात उभी आहे: जमीन तीच, रोप तेच, पाऊस तोच, फरक एकाच गोष्टीचा. मावशी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण प्रश्न कसा विचारायचा हे त्यांना नेमकं ठाऊक आहे, आणि मला वाटतं, शिक्षणाचा गाभा तोच आहे.

दुपारी आम्ही घराकडे येतो. परसात मांडवावर घेवड्याचे वेल चढताहेत, कोंबड्या खाली उकरताहेत. पडवीत राखेत घोळलेलं बियाणं मडक्यांत ठेवलं आहे. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यात मोजून शंभर दाणे गुंडाळलेले. किती उगवले ते पाहूनच वाण पेरायचा की नाही ते ठरणार. मावशी एकेक मडकं उघडून दाखवतात आणि सांगतात, "ही कोंभाळण्याची शिकवण."

कोंभाळणे म्हणजे राहीबाई पोपेरे यांचं गाव. राहीबाईही शाळेत गेल्या नाहीत. घरातला नातू सारखा आजारी पडू लागला तेव्हा ताटातलं अन्नच बदललं आहे, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी गावरान बी जमवायला सुरुवात केली. पण त्या बियांवर थांबल्या नाहीत. बायफ संस्थेच्या मदतीनं पडीक जमिनीवर पाणी अडवलं, भाजीपाला घेतला, चारसूत्री भात लावला, रोपवाटिका केली, परसात कोंबड्या पाळल्या. भात, वाल, घेवडा, कडधान्यं असे कितीतरी वाण त्यांनी जपले आणि इतर बायांच्या हाती दिले. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पडवीत बसून ही यादी मनात चाळताना मला त्यातला धागा दिसतो. एक प्रयोग दुसऱ्याला शिकवत जातो. पाणी अडलं म्हणून परसबाग झाली. परसबाग झाली म्हणून बी निवडण्याची नजर पक्की झाली. बियांनीही साथ दिली. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही, ते पुन्हा विकत आणावं लागतं. गावरान भात किंवा घेवडा आपल्याच परागानं फळतो, त्यामुळे निवडलेला गुण बहुतांशी टिकतो. प्रयोगातून मिळालेलं घरातच राहतं.

"आणि फसलं तर?" मी विचारते.

मावशी एका मडक्यातला काळसर भात तळहातावर घेतात. "हा मागं लोळला होता. उंच वाढतो, वाऱ्यात टिकंना. मग आडोशाच्या खाचरात लावला, तिथं राहिला उभा. लावलाच नसता तर कळलं असतं का?"

चार वाजता शेजारीण भिजतच पडवीत येते. तिचं खाचर कधीच लावून झालं आहे. ती मडक्यांकडे पाहते, मग मावशींना म्हणते, "ती दोरी उद्या मला द्याल का? खालचा एक तुकडा राहिलाय."

मावशी दोरी देतात, आणि कोणत्या चिंधीपासून सुरुवात करायची तेही समजावतात. सगळं रान पणाला न लावता एक तुकडा न कळलेल्या गोष्टीसाठी दरवर्षी राखायचा, इतकंच हे आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, त्यानं आठवड्यातली एक संध्याकाळ राखावी.